पुलाचं चरित्र आणि अध्यक्षांची आरती

पिट्सबर्गच्या आमच्या मराठी वाचनगटात मध्यंतरी एका रविवारी असं भांडण जुंपलं की चहा गार झाला आणि बाकरवड्या तशाच राहिल्या. निमित्त साधं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची २५० वर्षं, तेव्हा डेव्हिड मॅककलो यांचं एखादं पुस्तक वाचायला घेऊ या, असं एका ताईंनी सुचवलं. मॅककलो याच गावचे, १९३३ साली इथेच जन्मलेले. दोन पुलित्झर, दोन नॅशनल बुक अवॉर्ड, वर यादवी युद्धावरच्या केन बर्न्सच्या गाजलेल्या मालिकेचं निवेदन. अमेरिकेत ज्या घरात इतिहासाचं एकच पुस्तक असतं, त्या घरात बहुधा ते यांचं असतं. गटातले एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही सगळेच सर म्हणतो, ते लगेच म्हणाले, “अहो, तो इतिहासकार कुठला? कीर्तनकार तो. पूर्वरंगात देशभक्ती, उत्तररंगात आख्यान, शेवटी प्रसाद.” ताईही काही कमी नाहीत. म्हणाल्या, “कीर्तनाला माणसं येतात तरी, सर. तुमच्या परिसंवादाला कोण येतं?”

पुढचे दोन तास हेच चाललं. हा वाद काही आमच्या दिवाणखान्यात जन्मलेला नाही. २००१ मध्ये मॅककलो यांचं जॉन अ‍ॅडम्स या अमेरिकेच्या दुसऱ्या अध्यक्षाचं चरित्र आलं, तेव्हा प्रिन्स्टनचे इतिहासकार शॉन विलेंट्झ यांनी त्यावर घणाघाती लेख लिहिला होता. २०१९ मध्ये ओहायोच्या वसाहतकारांवरचं ‘द पायोनियर्स’ आलं, तेव्हा पुन्हा धुरळा उडाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजल्यांच्या मागोमाग तेच मुद्दे तिसऱ्यांदा आले. दर वेळी एक बाजू म्हणते, यांच्याकडे इतिहासाची पदवी नाही, येलमधून इंग्रजी साहित्य शिकलेले. दुसरी म्हणते, लाखो लोक वाचतात, तुमचं कोण वाचतं? पदवी हा एक निकष आणि खप हा दुसरा. पण पुस्तकात जे लिहिलंय ते खरं आणि पुरेसं आहे का, हे या दोहोंतल्या कशानं कळतं? इतिहासाचार्य राजवाडे कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक होते?

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. मॅककलो एक नाहीत, दोन आहेत. धरण, पूल आणि कालवा यांवर लिहिणारे मॅककलो हे मोठे इतिहासकार आहेत, कुठल्याही विद्यापीठाने अभिमान बाळगावा असे. अध्यक्षांवर आणि आद्य वसाहतकारांवर लिहिणारे मॅककलो हे गोड गळ्याचे लेखक आहेत. गंमत अशी की दोघांची शैली एकच, मेहनत तीच, स्वभावही तोच. फरक पडतो तो नायकाच्या जागी कोणाला बसवलंय त्यानं. यात माझा पक्षपात असू शकतो हेही कबूल करते, कारण मी पोटासाठी पुलांची तपासणी करते. गंज, तडे, बेअरिंगं. पण पक्षपात असला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू. ‘द जॉन्सटाउन फ्लड’ १९६८ मध्ये आलं. मॅककलो तेव्हा एका इतिहासविषयक नियतकालिकात नोकरी करत होते आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी लिहीत होते. जॉन्सटाउन आमच्या गावाच्या पूर्वेला, गाडीनं दीड तासावर. ३१ मे १८८९ रोजी तिथे वरच्या अंगाचं साउथ फोर्कचं मातीचं धरण फुटलं आणि पाण्याच्या लोंढ्यानं तासाभरात चौदा मैल कापून २,२०९ माणसं मारली. ९९ कुटुंबं अशी की मागे नाव लावायला कोणी उरलं नाही. मी तिथे दोनदा गेले आहे. धरणाचे दोन्ही टोकांचे भराव अजून उभे आहेत, गवतानं झाकलेले, आणि मध्ये नुसती पोकळी. त्या पोकळीतून आज एक ओढा वाहतो, इतका लहान की चपला हातात घेऊन ओलांडावा. खाली गावाच्या टेकडीवरच्या दफनभूमीत ओळख न पटलेल्यांसाठी ७७७ पांढऱ्या शिळा ओळीनं लावल्या आहेत. नाव एकावरही नाही.

आता ही गोष्ट रडवण्यासाठी सांगणारे लेखक त्या काळातही पुष्कळ होते. पूर ओसरला तशी महिन्याभरात पुस्तकं बाजारात आली, तरंगता पाळणा आणि आईचा टाहो वगैरे. मॅककलो यांनी काय केलं? त्यांनी धरणाची जन्मपत्रिका मांडली. राज्यानं ते कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं होतं. रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला, धरण रेल्वे कंपनीकडे गेलं, तिथून एका काँग्रेस सदस्याकडे, आणि त्या गृहस्थानं तळातले निचऱ्याचे लोखंडी नळ काढून भंगारात घातले. १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मासेमारी क्लबनं ते विकत घेतलं. कार्नेगी, फ्रिक, मेलन या नावांचे सभासद. क्लबनं मातीच्या भरावातलं भगदाड माती, झुडपं, गवत असं हाताला लागेल ते कोंबून बुजवलं, नळ परत बसवलेच नाहीत, वरून बग्गी जावी म्हणून माथा थोडा खाली आणला, आणि हौसेनं सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. खालच्या लोखंड कारखान्यानं आपला अभियंता पाठवून धोक्याची सूचना दिली होती. तुमच्या माणसांना आमच्यामुळे काहीही धोका नाही, असं क्लबचं उत्तर आलं. पुरानंतर कोर्टात क्लबकडून एका माणसालाही भरपाई वसूल करता आली नाही.

जाळी! मी तपासणीला जाते तेव्हा सांडव्याच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा दिसला की मला ती जाळी आठवते. इतिहासाच्या पुस्तकानं अभियंत्याच्या नजरेत एवढा बदल करावा, याहून वेगळी कसोटी कोणती लावायची? आणि पुस्तक तिथेच थांबत नाही. पूर ओसरल्यावर हंगेरीतून आलेले मजूर प्रेतांच्या बोटांतल्या अंगठ्या लुटतात, अशा बातम्या वर्तमानपत्रांनी रंगवून छापल्या. त्या कशा बिनबुडाच्या होत्या आणि त्यापायी त्या गरिबांचे कसे हाल झाले, तेही मॅककलो सांगतात. परकीय मजुराच्या माथी संकट मारण्याची रीत जुनी आहे, एवढं ते पान वाचून कोणाच्याही ध्यानात यावं.

पुण्यात नारायण पेठेत माझ्या मामाच्या वाड्यात पानशेतच्या पाण्याची रेघ भिंतीवर जपून ठेवलेली होती. रंग देताना तेवढी सोडायचे. १२ जुलै १९६१ ची गोष्ट निघाली की आजी पाणी किती पायऱ्या चढलं, कोणती भांडी वाहून गेली, कोणी कोणाला दोरानं ओढून वर घेतलं हे सगळं सांगायची. धरण का फुटलं असं विचारलं की म्हणायची, “पाऊस काय कमी होता का रे त्या साली!” आजीचं बरोबरच होतं, तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं. पण रेघ जपणारी माणसं आणि नळ कोणी विकला ते शोधणारी माणसं, यांत दुसरी फार दुर्मीळ असतात. लोकप्रिय इतिहासानं भावना चाळवल्या म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्या सरांनी हे पुस्तक एकदा वाचायला हवं होतं, आणि त्यांनी वाचलेलं नव्हतं, हे त्या दिवशी दोन तासांनी उघड झालं.

या यशानंतर एक मजेशीर प्रसंग घडला. प्रकाशकांनी त्यांना शिकागोची आग आणि सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप हे विषय सुचवले. मॅककलो यांना वाटलं, असं चाललं तर आपण अरिष्टांचे लेखक म्हणूनच ओळखले जाणार. त्यांना माणसानं नीट केलेल्या कामाबद्दल लिहायचं होतं. म्हणून ब्रुकलिनचा पूल. हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जी खोट निघाली तिचं बी याच निर्णयात आहे. मात्र पहिलं फळ उत्तम आलं.

१९७२ च्या ‘द ग्रेट ब्रिज’मध्ये नायक व्हायला तीन तीन रोबलिंग तयार आहेत. पुलाची कल्पना मांडणारा जॉन रोबलिंग १८६९ मध्ये पाहणी करताना धक्क्यावर पाय चिरडून धनुर्वातानं गेला. मुलगा वॉशिंग्टन बत्तिसाव्या वर्षी मुख्य अभियंता झाला, नदीच्या तळाशी केसनमध्ये काम करताना शरीर मोडून बसला. सून एमिली मग अभियांत्रिकी शिकून त्याचे निरोप, आकडे, सूचना कामावर पोचवू लागली. साधा लेखक याचं काय करेल ते मराठी वाचकाला सांगायला नको. पतिव्रता, त्याग, निर्धार, पडदा. मॅककलो यांनीही त्यांच्यावर माया केली आहे, नाही असं नाही. पण पूल त्यांना सारखा खाली ओढतो. केसन म्हणजे तळ नसलेली प्रचंड लाकडी पेटी, उपडी घालून नदीत उतरवलेली. आत दाबानं हवा भरायची, पाणी बाहेर रेटायचं, आणि माणसांनी आत उभं राहून तळ खणत जायचं. वर मनोरा बांधत जायचं, म्हणजे त्याच्या वजनानं पेटी खाली रुतते. आत उष्मा, अंधूक दिवे, आवाज चिरका होतो, शिट्टी वाजवता येत नाही. बाहेर येताना दाब झटकन कमी झाला की सांधे पिळवटतात. हा त्रास कोणाला का होतो, कोणाला का नाही, तेव्हा ठाऊक नव्हतं. न्यूयॉर्कच्या बाजूची पेटी ७८ फुटांवर गेली आणि माणसं मरू लागली. खडक अजून खाली होता. वॉशिंग्टन रोबलिंगनं तिथल्या घट्ट वाळूवरच मनोरा टेकवायचं ठरवलं. मॅनहॅटनचा मनोरा आजही वाळूवर उभा आहे. त्या निर्णयाची पानं मी किती वेळा वाचली असतील, मोजलेलं नाही.

आणि मग तारेचा घोटाळा. केबलसाठी पोलादी तार पुरवण्याचं कंत्राट जे. लॉइड हेग या माणसाला मिळालं. तो चांगली तार तपासून घ्यायचा, शिक्का मारून घ्यायचा आणि वाटेत गाडी आडवाटेला नेऊन ती बदलून नाकारलेली तार कामावर पाठवायचा. चांगली तार पुन्हा परत, पुन्हा तपासणीला! १८७८ मध्ये हे पकडलं गेलं, तोवर शेकडो टन भिकार तार केबलमध्ये विणली गेली होती आणि ती काढता येणं शक्य नव्हतं. रोबलिंगनं हिशेब मांडला: लागेल त्याच्या सहापट बळाचा पूल आखला होता, आता पाचपट राहील, प्रत्येक केबलमध्ये दीडशे तारा वाढवा आणि पुढे चला. आता खरा मासला. हेगच्या कारखान्याचं गहाण एब्रम हेविट या सुधारक म्हणून मिरवणाऱ्या राजकारण्याकडे होतं, आणि रोबलिंग घराण्याच्या कारखान्याला कंत्राटाबाहेर ठेवणारा नियम सुचवणाराही हेविटच. २४ मे १८८३ रोजी पुलाचं उद्घाटन झालं, तेव्हा मुख्य भाषणांपैकी एक त्याचंच होतं.

हे सगळं एका पुस्तकात का सामावलं? कारण पुलाला चारित्र्य नसतं, वजन असतं. पुलाची बाजू घेऊन चालत नाही. तार कमअस्सल असेल तर ती कमअस्सल आहे, मग पुरवठादार कितीही देशभक्त असो. पूल सांगायचा म्हटला की मजूर येतात, कंत्राटदार येतात, नगरपालिकेतले पैसे खाणारे येतात, डॉक्टर येतात, बायका येतात, बँका येतात. लेखकाच्या मनात असो नसो, समाज सगळा त्या कामावर हजेरी लावतो. चरित्राचं तसं नाही. चरित्रात हजेरीपट नायकाच्या हातात असतो. तो ज्याच्याशी बोलला, ज्याला त्यानं पत्र लिहिलं, तो आत, बाकीचे फाटकाबाहेर.

पनामावरच्या पुस्तकातही (१९७७) हेच दिसतं, थोडक्यात सांगते. सुएझचा विजेता द लेसेप्स तिथे कसा बुडाला, डासांनी कशी माणसं खाल्ली, मग अमेरिकेनं १९०४ ते १९१४ मध्ये ते काम कसं पुरं केलं, ही गोष्ट सहज विजयगाथा होऊ शकली असती. पण कालवा खणायचा तर खणणारे दाखवावेच लागतात. तिथे पगारपत्रकं दोन होती, सोन्याचं आणि चांदीचं. गोऱ्या अमेरिकनांना सोन्यात पगार, बार्बाडोस आणि इतर बेटांवरच्या काळ्या मजुरांना चांदीत. आणि त्या दोन शब्दांवर टपाल खिडक्यांपासून राहण्याजेवणापर्यंत सगळं वेगळं. अमेरिकी काळातले अधिकृत मृत्यू ५,६०९, त्यांतले बहुतेक चांदीवाले. कालवा पनामाला परत द्यावा की नाही यावर सिनेटमध्ये घमासान झालं, तेव्हा या पुस्तकाचे दाखले दिले गेले. १९७८ मध्ये दोन्ही करार ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाले. किती प्रबंधांना हे भाग्य लाभतं?

आता सरांच्या बाजूचं. ती बाजू त्या दिवशी त्यांनी मांडली त्याहून कितीतरी भक्कम आहे, म्हणून मीच मांडते. विलेंट्झ यांचा आक्षेप खपावर नव्हताच. त्यांचं म्हणणं असं की पूर्वीचे लोकप्रिय इतिहासकार वाचकाशी वाद घालायचे, त्याला अस्वस्थ करायचे. आता लोकप्रिय इतिहास म्हणजे थोर माणसाच्या सहवासात घालवलेली एक सुखद संध्याकाळ झाली आहे. हा घाव वर्मी बसतो. शिवाय चुका आहेत, आणि त्या चुका कोणत्या बाजूला झुकतात तेही पाहा. अ‍ॅडम्सनंतर अध्यक्ष झालेल्या जेफरसननं अ‍ॅडम्सला ‘स्वातंत्र्याचा महापुरुष’ अशा अर्थाची पदवी दिली, असं चरित्रात आणि त्याच्या प्रचारात सांगितलं गेलं. ते शब्द जेफरसनचे नाहीतच, असं नंतर निघालं. १९९२ च्या ‘ट्रूमन’मध्ये अणुबाँबच्या निर्णयाच्या प्रकरणात एक लष्करी टिपण दिलंय, जपानवर चढाई टळली तर पाच ते दहा लाख अमेरिकी प्राण वाचतील, असा अंदाज असलेलं. मूळ टिपण उघडून पाहिल्यावर दिसलं की तो आकडा दुसऱ्याच कोणाचा होता आणि लष्करी अधिकाऱ्यांनी तो अवास्तव म्हणून बाजूला सारला होता. हिरोशिमाच्या पानावर असा आकडा उलटा वाचला जाणं ही छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही. दोन्ही चुका नायकाच्या पदरात पडतात. कोणी मुद्दाम केल्या असं मी म्हणत नाही. माया केली की नजर तशी पडते, आईला मुलाचं नाक सरळच दिसतं.

अ‍ॅडम्सचं प्रकरण मला जास्त खटकतं. १७९८ मध्ये या अध्यक्षानं राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. सरकारविरुद्ध ‘खोटं आणि द्वेषपूर्ण’ लिहिलं की तुरुंग. व्हर्माँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू ल्यॉन अध्यक्षांवर टीका केल्याबद्दल चार महिने आत गेला, वर हजार डॉलर दंड. आणि पठ्ठ्या तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आला. टिळकांच्या खटल्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोणाही मराठी वाचकाला या कायद्याचा वास लगेच येईल. मॅककलो या कायद्याचं समर्थन करत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कारकिर्दीतलं सर्वांत निंद्य कृत्य अशा शब्दांत ते त्याचा धिक्कारच करतात. पण मग लगेच फ्रान्सशी युद्धाची भीती होती, वातावरण तसं होतं, असं होत होत सातशे पानांच्या पुस्तकात आपण पुन्हा अ‍ॅडम्सच्या प्रेमळ पत्रांकडे येतो. पुलात कमअस्सल तार सापडली तेव्हा हाच लेखक ती कोणी विकली, कोणी पास केली, कोणाचं गहाण होतं, पुढे किती तारा वाढवल्या, इथवर गेला होता. इथे देशाच्या कायद्यातच कमअस्सल तार विणली गेली आणि त्याचा हिशेब काही परिच्छेदांत मिटला. का? कारण पुलाच्या पुस्तकात पूल उभा राहतो की नाही हा प्रश्न होता, आणि इथे माणूस चांगला होता की नाही हा. अ‍ॅडम्स चांगला होताच. गुलाम बाळगले नाहीत, कर्ज केलं नाही, बायकोशी बरोबरीनं बोलला. ‘चांगला होता का’ या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर मिळालं की वाचक उठून जेवायला जातो.

‘द पायोनियर्स’मध्ये ही खोट पिकून गळून पडली. १७८८ मध्ये न्यू इंग्लंडची माणसं ओहायो नदीकाठी उतरतात आणि मॅरिएटा वसवतात. त्या प्रदेशात गुलामगिरी नसेल असं १७८७ च्या कायद्यानं ठरलेलं, आणि पुढे ओहायोची राज्यघटना करताना एफ्राइम कटलर हा वसाहतकार आजारी असूनही मताला येतो व ती बंदी टिकवतो. हे खरं आहे, मोठंही आहे. मॅककलो यांच्यामुळे ते लोकांना कळलं, हे त्यांचं श्रेय. पण ज्या जागी ही माणसं उतरली, तिथे प्राचीन लोकांनी रचलेले मातीचे प्रचंड बंधारे आणि टेकाडं होती. वसाहतकारांनी त्यांचा नकाशा काढला, त्यांना लॅटिन नावं दिली आणि सर्वांत मोठ्या टेकाडाभोवती आपली दफनभूमी केली. आजही ते तिथे आहे, भोवती क्रांतियुद्धातल्या अधिकाऱ्यांची थडगी. म्हणजे ‘ओसाड रान’ म्हणून ज्याचं वर्णन, त्या गावाच्या ऐन मध्यभागी कोणाचं तरी घर होतं याचा पुरावा उभा होता. १७९१ मध्ये मायामी आणि शॉनी यांच्यासह एकत्र आलेल्या जमातींनी अमेरिकी सेनापती सेंट क्लेअरच्या फौजेची सहाशेहून अधिक माणसं मारून तिला धूळ चारली. एवढा पराभव अमेरिकी सैन्याला मूळ रहिवाशांकडून कधी झाला नव्हता. ही माणसं आपल्या भूमीसाठी लढत होती, की वसाहतीच्या गोष्टीतलं एक संकट होती? पुस्तक दुसऱ्या बाजूला कलतं. जॉन्सटाउनमध्ये हंगेरियन मजुरावरचा आळ दूर करणारा लेखक तोच, हे आठवलं की वाईट वाटतं.

यावर एक उलटा वार येईल तो सांगून टाकते. वस्तूंचा इतिहास तरी कुठे निर्दोष असतो? धरणांची, रेल्वेची, पुलांची आरती ओवाळणारी पुस्तकं ढिगानं आहेत, आणि अभियंत्यांना तर ती फारच आवडतात. खरं आहे. वस्तूला नायक केलं की पुस्तक आपोआप चांगलं होतं असं मी म्हणत नाही. वस्तू लेखकाला पळवाटा कमी ठेवते, इतकंच. मॅककलो यांच्यासारख्या मुळातच प्रेमळ, आशावादी लेखकाला अशा चौकटीची गरज होती. उलट बाजूनं, माझ्या मताला छेद देणारं त्यांचंच एक पुस्तक आहे: तरुण थिओडोर रूझवेल्टवरचं, १९८१ चं. तेही चरित्रच, पण ते उत्कृष्ट उतरलंय. दम्यानं तडफडणारं पोर, त्याचं घर, त्याचे आजार नेमके केव्हा उसळत याचा बारीक शोध. अध्यक्षपद यायच्या कितीतरी आधी पुस्तक संपतं. तिथे नायक अजून पुतळा झालेला नाही, म्हणून लेखकाला हार घालायची घाई नाही. राइट बंधूंवरचं पुस्तक मधलं. विमान आलं की उडतं, घर आलं की गोडवा.

आपल्याकडे हा वाद ‘बखर की कागद’ म्हणून शंभर वर्षं खेळून झाला आहे. राजवाड्यांनी अस्सल पत्राला बखरीच्या वर बसवलं ते योग्यच केलं. पण त्या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली: विषय म्हणजे पुरुष. राजा, पेशवा, सेनापती, पुढारी. घरातल्या कपाटापुढे उभं राहून बघा, चरित्रं किती आणि घाट, गिरण्या, बंदरं, धरणं किती? बोरघाटातून आपण सगळे गेलोय, कर्जतला वडा खाल्लाय. तो रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ मध्ये बांधला गेला. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून जास्त माणसं तिथे राबत होती, आणि पटकी, तापानं, सुरुंगानं हजारो मेली. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची विधवा अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही, माणसं नेमून काम तडीस नेलं. एमिली रोबलिंगच्या दहा-बारा वर्षं आधी, खंडाळ्यात! या घाटाचं चरित्र लिहायला बसणाऱ्याला घाटाखालच्या गावांतले मजूर, लंडनचे भागधारक, साथीचे रोग, दगडाची जात आणि मुकादमाची कटकट हे सगळं आत घ्यावंच लागेल. कोणाची जयंती साजरी करायची याची पंचाईत मात्र होईल.

पुढच्या महिन्यासाठी अखेर ‘द ग्रेट ब्रिज’ ठरलं. ताईंना अ‍ॅडम्स हवा होता, त्या चरित्रावरची टीव्ही मालिका पाहिलेली असल्यामुळे वाचायला सोपा. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाल्या, “अगं बाई, पाचशेच्या वर आहेत की!” मी म्हटलं, केसन पाण्यात उतरेपर्यंत धीर धरा, मग खाली ठेववणार नाही. सरांनी चष्मा कपाळावर ढकलून पुस्तक मागून उघडलं.

“टिपा आहेत का गं यात?”

“शेवटी आहेत, सर. रोबलिंग घराण्याची पत्रं, कामावरच्या वह्या, सगळं.”

“मग मी शेवटापासून सुरू करतो,” म्हणाले, आणि पुस्तक पिशवीत घालून निघाले. बाकरवड्याही घेऊन गेले.